नळीचा मोजा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्याकडचे माळे खाली उतरतात. वर्षभर अंधारात निमूट बसलेला पितळी स्टोव्ह, कान तुटलेली बरणी, कुलपे हरवलेल्या किल्ल्या, कुणाच्या तरी लग्नात आलेला आणि एकदाही न वापरलेला सरबताचा सेट अशी सारी मंडळी गॅलरीत जमतात आणि घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "टाका आता हे!" दुसरा म्हणतो, "राहू द्या, लागेल कधीतरी." या दोन वाक्यांच्या मधोमध नीतिशास्त्रातला एक जुना आणि अवघड प्रश्न उभा असतो, पण चकल्या तळायच्या घाईत त्याच्याकडे पाहायला कुणालाच सवड नसते. एखादी वस्तू आवश्यक की अनावश्यक, हे ठरवायचे कुणी? वस्तूकडे पाहून ठरवायचे, की ती वापरणाऱ्या माणसाकडे पाहून?

हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला तो आपल्या माळ्यामुळे नव्हे, सातासमुद्रापलीकडच्या एका कपाटामुळे. माझी थोरली मावसबहीण कॅनडात, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात राहते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाऊन आले. तिकीट तिनेच पाठवले होते. शाळेतल्या बाईंच्या पगारात आणि कादंबऱ्यांच्या मानधनात विमान बसत नाही. मी नायगारा पाहिला, उंच मनोरा पाहिला, आणि ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना त्यांचे वर्णनही करून सांगितले. पण खरे सांगायचे तर त्या दीड महिन्यात माझ्या मनाने जे पाहिले ते ताईच्या जिन्याखालचे कपाट.

ते समजण्यासाठी आधी तिथली केर काढण्याची रीत समजून घ्यायला हवी. तिकडची घरे बहुधा लाकडी सांगाड्यावर उभी असतात आणि भिंती आतून पोकळ. त्या पोकळीतून घर बांधतानाच दोन इंची प्लॅस्टिकच्या नळ्या फिरवून ठेवतात. तळघरात किंवा गॅरेजात एक भलेमोठे पिंप भिंतीला टांगलेले असते आणि त्याच्या डोक्यात मोटर असते. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एखाद-दुसरे झाकण. झाकण उघडायचे, तीस-पस्तीस फुटांची लवचीक नळी त्यात खुपसायची आणि बटण दाबायचे. तळघरातली मोटर सुरू होते आणि गालिच्यावरचा केर भिंतीच्या पोटातून सुळकन खालच्या पिंपात जाऊन पडतो. खोलीत मोटरीची घरघर नाही आणि उडालेली धूळही नाही. नळीतून वारा ओढला जाण्याचा आवाज तेवढा येतो. पिंप वर्षातून दोन-तीनदा रिकामे केले की झाले. याला सेंट्रल व्हॅक्युम म्हणतात. हिवाळाभर खिडक्या बंद ठेवाव्या लागणाऱ्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे अंथरलेल्या त्या देशात ही योजना सोयीची आहे, हे कुणालाही कबूल करावे लागेल. मला तर ती फार आवडली.

गंमत अशी की केर ओढून घेणाऱ्या, इंजिनावर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास मोठ्याकडून छोट्याकडे गेलेला आहे. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराने एक यंत्र पाहिले. ते हवा फुंकून धूळ उडवीत असे. उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही, असे बूथने विचारले तेव्हा ते शक्य नाही असे उत्तर मिळाले. हा गृहस्थ एका उपाहारगृहात गेला, खुर्चीच्या गादीवर रुमाल धरला आणि त्यातून जोराने श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या पलीकडच्या अंगाला धुळीचा डाग उमटला, आणि तिथेच प्रश्न सुटला. त्याने केलेले यंत्र घोड्याच्या गाडीवर बसवलेले होते. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यात शिरत. हा सोहळा पाहायला श्रीमंत घरच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलवीत! १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे याच यंत्राने साफ झाले. अमेरिकेतही त्याच सुमारास मोठ्या इमारतींच्या तळघरांत यंत्रे बसवून भिंतींतून नळ्या नेल्या जाऊ लागल्या. हातात धरायचे यंत्र पुढे आले, आणि ते घडवणारा कुणी इंजिनिअर नव्हता. ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरी स्पँग्लर नावाचा दुकानात झाडलोट करणारा एक माणूस होता. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसवत नव्हती. त्याने एक पंखा, उशीचा अभ्रा आणि झाडूची काठी यांतून एक यंत्र जुळवले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि ते हूव्हर नावाच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. इंग्लंडात केर काढणे या क्रियेला आजही त्या व्यापाऱ्याचे नाव आहे. दमा ज्याचा होता त्याचे नाव कुणाच्या तोंडी नाही. पण जगाची ती रीतच आहे आणि माझा आजचा विषय तो नाही. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की या यंत्राचा एक पूर्वज कुतूहलातून जन्मला, आणि दुसरा धापा टाकणाऱ्या छातीतून.

आता ताईचे कपाट.

एका दुपारी ती मला म्हणाली, "तू गोष्टी लिहितेस ना? ये, तुला एक गोष्ट दाखवते," आणि तिने जिन्याखालचे दार उघडले. आत नळी होती, ती अडकवायला खास आकडा होता, आणि भोवती आयुधांचे एक प्रदर्शन होते. फरशीचा ब्रश वेगळा, गालिच्याचा वेगळा. सोफ्याचा, पडद्यांचा, गादीचा असे आणखी तीन. खिडकीच्या पट्ट्यांसाठी कात्रीसारखा एक. छताच्या पंख्याची पाती पुसण्यासाठी धनुष्यासारखा वाकलेला एक. कॉम्प्युटरच्या कळांमधली धूळ काढायला बाळाच्या चमच्याएवढ्या ब्रशांचा संच. कपडे वाळवायच्या यंत्राच्या मागच्या भोकात घालायची बारीक नळी. शेगडीतली राख ओढताना मध्ये ठेवायचे पिंप. ताईची शेगडी गॅसची आहे, तिच्यात राख होत नाही. सांडलेले पाणी ओढायचे आणखी एक पिंप. कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश. ताईकडे कुत्रा नाही. तळघरातल्या पिंपात टाकायच्या सुगंधी वड्या, म्हणजे केराला लव्हेंडरचा वास यावा. आणि या सर्वांवर कडी म्हणजे त्या पस्तीस फुटी नळीला अंगभर घालायचा विणलेला मोजा! नळी ओढताना भिंतीच्या कडांना आणि लाकडी जिन्याला ओरखडे पडू नयेत म्हणून तो. मोजा चढवायला दोन माणसे लागतात. एकाने नळी धरायची आणि दुसऱ्याने अजगराला अंगरखा घालावा तसा मोजा सरकवीत न्यायचा.

मी हसत सुटले. ताईही हसली. मग तिने एकेक वस्तू हातात घेऊन हिशेब सांगितला. रोज लागतात दोन. महिन्यातून एकदा लागतात दोन. बाकीच्या साऱ्या पहिल्या दिवशी वापरल्या त्या वापरल्या.

"मग घेतल्यास कशाला?"

"मी कुठे घेतल्या? तुझ्या भावोजींनी घेतल्या."

इथे कोणताही सज्जन निबंधकार पाश्चात्त्यांच्या उधळपट्टीवर दोन परिच्छेद लिहील आणि आपल्या साध्या राहणीवर तिसरा. मला तो मोह आवरता येतो, कारण माझ्या घरचा माळा मी पाहिलेला आहे. ज्या देशात पाचशे रुपयांच्या मिक्सरबरोबर आलेले गाजर किसायचे भांडे पेटीतून बाहेर न काढता वीस वर्षे जपले जाते, त्या देशाने कॅनडाला हसू नये. शिवाय ही गोष्ट पूर्वेची की पश्चिमेची, नवी की जुनी, असा प्रश्नच नाही. ॲडम स्मिथ या स्कॉटिश पंडिताचे १७५९ साली निघालेले नीतिविषयक पुस्तक पुढे माझ्या हाती आले. (मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईने ॲडम स्मिथ वाचू नये असा कुठे कायदा नाही, शब्दकोश जवळ असला म्हणजे झाले.) त्यात तो आपल्या काळातल्या माणसांचे वर्णन करतो. ही माणसे चिमुकल्या सोयींच्या वस्तूंनी खिसे भरून घेतात, खिसे पुरेनासे झाले की कपड्यांना नवे खिसे शिवून घेतात, आणि ते ओझे वागवीत हिंडतात. एकाचे घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. तो ते कवडीमोलाने विकतो आणि भारी किमतीचे, न चुकणारे घड्याळ घेतो. पण म्हणून तो वेळेवर येऊ लागतो असे नाही! स्मिथचे म्हणणे असे की माणसाला उपयोगापेक्षा उपयोगीपणाच अधिक भुरळ घालतो. वस्तू कामी येते यापेक्षा ती कामासाठी किती नेमकी घडवली आहे, हे पाहण्यातच त्याला सुख वाटते.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर भावोजी उभे राहिले. पंख्याचा तो धनुष्याकृती ब्रश हातात घेऊन त्यांनी मला किती प्रेमाने दाखवला होता! "बघा, पातीच्या दोन्ही बाजू एकदम. डोकं आहे की नाही बनवणाऱ्याचं?" डोके होतेच. तो पंखा पुसला जावा ही त्यांची तहान नव्हती. पंखा पुसण्याचा प्रश्न कुणीतरी इतक्या सुबकपणे सोडवला आहे याचा तो आनंद होता. कवितेतला यमक नेमका बसला की मला होतो, तसलाच. तो आनंद मी पाप मानायला तयार नाही. सुंदर ओळ आवश्यक असते का? दिवाळीत दाराबाहेर काढलेली रांगोळी आवश्यक असते का? दुसऱ्या दिवशी तर ती पुसूनच जाते. अनावश्यक ते सारे अनैतिक असे म्हणू लागलो, तर आकाशकंदील पहिला खाली उतरवावा लागेल आणि हा अंक त्याच्या पाठोपाठ.

तेव्हा प्रश्न अनावश्यकाचा नाही. मग त्या कपाटात मला काहीतरी खुपत होते, ते काय?

ते कळले ताईच्या एका वाक्यावरून. लग्नाचा वाढदिवस आला, नाताळचा सेल लागला, भारतातून कुणी पाहुणे यायचे ठरले, की भावोजी एक नवा ब्रश आणीत. ताई म्हणाली, "त्यांना वाटतं, मला मदत झाली. मला वाटायचं, ब्रश नको, एका रविवारी नळीचं दुसरं टोक धरा."

यात तक्रार नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारानंतर तक्रारीची धार बोथट होते आणि तिचा विनोद होतो. पण मी ते वाक्य बरोबर घेऊन परत आले. वस्तू कधी कधी हाताच्या ऐवजी येते. जिथे एक माणूस हवा असतो तिथे आपण एक उपकरण पाठवतो, आणि उपकरण पाठवले म्हणजे माणूस पाठवल्याचे समाधान घेतो. भावोजी वाईट नाहीत, अत्यंत मायाळू आहेत. ताईच्या आजारपणात त्यांनी तिचे सारे केले. पण केर हे आपले काम आहे, असे त्यांना जन्मात वाटलेले नाही, आणि ते वाटू नये याची सोय प्रत्येक नव्या ब्रशाने केली. यंत्र जितके सुसज्ज तितका न वापरणाऱ्याचा जीव निर्धास्त.

याची साक्ष मोठ्या प्रमाणावरही मिळते. जोॲन व्हॅनेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली जुन्यानव्या पाहण्यांतले आकडे मांडून दाखवले होते. अमेरिकेत घरीच असणारी गृहिणी १९२४ साली आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करी. मग घरात केर ओढणारे यंत्र आले, धुण्याचे यंत्र आले, इस्त्री आली, आणि १९६० च्या दशकात हे तास झाले ५५. तीन तास वाढले! पुढे १९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी याच कोड्यावर एक पुस्तकच लिहिले. पूर्वी जड गालिचे वसंतात एकदा अंगणात नेऊन झोडपले जात, आणि ते काम पुरुषांचे व पोरांचे असे. यंत्र आल्यावर गालिचा जागचा हलवायला नको झाला. मग पुरुष आणि पोरे मोकळी झाली आणि बाई एकटीच आठवड्याला ते काम करू लागली. कष्ट हलके झाले, पण वाटणीतले भिडू निघून गेले. स्वच्छतेची इयत्ताही मागच्या दाराने वाढली. पंख्याची पाती पुसायचा ब्रश घरात आल्यावर पंखा मळका असणे हा घरधनिणीचा दोष ठरतो. तो नव्हता तेव्हा पंखा नुसता पंखा होता.

साधेपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी या बाबतीत डायोजिनिसची गोष्ट नेहमी सांगितली आहे. हा ग्रीक विरक्त एका वाडग्यातून पाणी पीत असे. एका पोराला ओंजळीने पाणी पिताना त्याने पाहिले आणि वाडगा फेकून दिला. गोष्ट छान आहे. मुलांना मी ती सांगते. पण त्यातली एक बारीक गोष्ट सहज निसटते. डायोजिनिसने फेकला तो स्वतःचा वाडगा. त्याने त्या पोराच्या घरी जाऊन तिथली भांडी फोडली नाहीत.

आपल्याकडे जैनांनी हा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. साधूला सर्वस्वाचा त्याग. पण संसारी श्रावकाला 'परिग्रह-परिमाण' नावाचे व्रत. आपल्याजवळ किती जमीन, किती धान्य, किती भांडी असावीत याची मर्यादा त्याने घालून घ्यायची आणि ती पाळायची. आकडा व्रत घेणाऱ्याने स्वतः ठरवायचा असतो. मला या व्रताचे मर्म इथेच वाटते. 'मला नको' हे वाक्य म्हणण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि ते म्हणणाऱ्याला शोभते. 'तुला नको' हे वाक्य दिसायला तसेच असते, तेच शब्द, तोच विरक्त चेहरा. पण ती विरक्ती दुसऱ्याच्या ताटातली असते. विक्रेता 'तुम्हाला हवे' म्हणतो. उपदेशक 'तुम्हाला नको' म्हणतो. दोघेही आपल्या मुखाने दुसऱ्याची गरज बोलतात.

ताईच्या घरी याचा पुरावा स्वयंपाकघरात होता. ओट्याखाली, जिथे आपली बोटे टेकतात त्या उभ्या फळीत, जमिनीलगत एक चपटे झाकण बसवलेले होते. पायाच्या अंगठ्याने ते उघडले की तळघरातली मोटर सुरू होते. झाडूने केर लोटत तिथपर्यंत आणायचा, तो आपोआप गडप होतो. वाकायला नको, सुपलीत भरायला नको. ताई त्याला 'उंदराचं बीळ' म्हणते. त्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा वापरले जाते ते हेच, आणि भावोजींनी पहिल्यांदा नाकारलेले उपकरणही हेच! यंत्र बसवताना विक्रेत्याने ते सुचवले होते. भावोजी म्हणाले होते, "हे मात्र अनावश्यक. चार कण केर सुपलीत भरायला असा किती वेळ लागतो?" पुढे ताईचे दोन्ही गुडघे बदलावे लागले, तेव्हा ते बीळ बसले. कुत्र्याचा ब्रश आवश्यक ठरून आला आणि गुडघ्याची सोय अनावश्यक ठरून दहा वर्षे थांबली. ज्याने आयुष्यात केरासाठी कमरेत वाक दिला नाही, त्याला त्या वाकण्याची किंमत कळावी कशी? ती वस्तूच्या यादीत छापलेली नसते.

हे सारे कॅनडातच राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण परत येऊन शाळा उघडली, आणि मला आपलीच केरसुणी दिसू लागली.

आपण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणतो. शिंदीच्या पानांची, घट्ट बांधलेली, अजून हिरवट वासाची. तिला हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो, तिला पाय लागला तर नमस्कार करतो. केराच्या साधनाला देव मानणारी ही चाल मला फार मोलाची वाटते. भिंतीतल्या नळीला कुणी हळदकुंकू वाहिल्याचे मी ऐकले नाही. गाडगे महाराजांनी तर खराटा हातात घेऊन गावेच्या गावे झाडली आणि मग रात्री कीर्तनात लोकांची मने झाडली. पण ही आमची घरातली लक्ष्मी हातभर लांबीची आहे. ती धरायची तर माणसाला कमरेत दुमडावे लागते, एक हात मांडीवर टेकून बेडकासारखे सरकावे लागते. घरच्या दोन खोल्यांपुरते ते चालते. आमच्या शाळेत अकरा वर्ग आहेत, दोन लांब व्हरांडे आहेत, आणि केर काढणाऱ्या मावशी एकट्या आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. मधली सुट्टी संपली की व्हरांड्याच्या एका टोकाला त्या दुमडतात आणि दुसऱ्या टोकाला उलगडतात. उलगडताना खांबाला धरतात.

मी एका सभेत म्हटले, लांब दांड्याचे चार झाडू घेऊ या. रक्कम सांगण्याइतकीही मोठी नव्हती. सभेला असलेले एक वयोवृद्ध सद्गृहस्थ म्हणाले, "बाई, आमच्या आईने आयुष्यभर वाकून केर काढला. नव्वद वर्षं जगली. वाकणं हा व्यायाम आहे." दुसरे म्हणाले, "हे परदेशातलं फॅड झालं." ठराव पुढे गेला नाही. इतिवृत्तात शब्द आले, 'अनावश्यक खर्च.' त्याच सभेत प्रमुख पाहुण्यांना द्यायच्या शाली आणि चंदनी हार मंजूर झाले. ते आवश्यक होते. यावर मला राग आला, आणि तो आजही ओसरलेला नाही. कारण त्या खोलीत बसलेल्या आम्हा नऊ जणांपैकी एकाच्याही पाठीवर तो व्हरांडा नव्हता. साधी राहणी ही थोर गोष्ट आहे. पण आपल्या समाजात ती पुष्कळदा कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीवर ऐसपैस बसून भोगलेली आहे, हे दिवाळीच्या दिवशीही म्हणायला हवे. झाडूला जोडलेला चार फूट बांबू हीसुद्धा एक 'ॲक्सेसरी'च. ती आपल्या घराघरांत कित्येक पिढ्या आली नाही, याचे कारण बांबू महाग होता असे नाही.

चित्रकलेच्या सरांनी शेवटी यात मार्ग काढला. स्नेहसंमेलनाच्या मांडवातले बांबू उरले होते. त्यातले दोन त्यांनी तासून घेतले, एकाला केरसुणी आणि दुसऱ्याला खराटा सुतळीने आवळून बांधला. मावशींच्या हातात देताना मला वाटले होते त्या हरखतील. तसे काही झाले नाही. त्यांनी ती काठी दोनदा फिरवून पाहिली, बांधणी खालीवर करून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, मधल्या जागेला बरी हाय. कोपऱ्यात नाय चालायची. कोपऱ्याला माझी आखूडच ऱ्हाऊ द्या." आता त्या दोन्ही वापरतात. व्हरांडा उभ्याने झाडतात, कोपरे वाकून काढतात. आठवड्याने त्यांनी काठीच्या टोकाला एक खिळा मारून मागितला आणि त्याला दोरीचा फास लावला, म्हणजे ती खुंटीला अडकवता येईल आणि पोरे तिचा भाला करणार नाहीत.

परवा सहामाही परीक्षेच्या दिवशी मी पाहिले, तर काठीच्या वरच्या भागावर, मूठ येते तिथे, कुणा मुलाचा वर्गात राहून गेलेला पांढरा मोजा चढवलेला होता. मी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "बांबूची कुसळं टोचत्यात वो हाताला."